न्हाणीघराची कडी

बोलतेय ती मी, इंडोनेशियातल्या मुंचार बंदरावरच्या सार्डिन माशांच्या कारखान्याची इंट्रानेट साइट. बाहेरच्या जगाला मी दिसत नाही, आणि आतल्यांना दिसले तरी ते फक्त कॅन्टीनमध्ये आज काय आहे ते बघून जातात. तरी माझा तोरा असा, की जणू कारखाना माझ्यामुळेच चालतो.

माझा आराखडा रेत्नोने आखला. संगणक विभागात ती एकटीच. कोणतं पान कुठे आणि ते कुणी उघडायचं, हे तिने आधी कागदावर मांडलं. प्रत्येक दाराला वेगळी किल्ली. मालक सेंतोतसाहेबांनी तो कागद बाजूला सारला.

"आपण सगळे घरचेच. घरात कुलपं कशाला?"

रेत्नोने कागद घडी करून खणात ठेवला. सगळ्यांना एकच पासवर्ड मिळाला आणि तो चहाच्या यंत्रावर चिकटवला गेला. मला तर आनंदच झाला. सगळं सगळ्यांना दाखवायचं, याला मी मनाचा मोठेपणा समजत होते.

मग कारखान्याच्या दवाखान्याची पानंही माझ्यात आली.

एका दुपारी पॅकिंगच्या स्लामेतने माझ्यात 'जेवण' असं शोधलं. मी तत्परतेने सगळ्यात वर जे ठेवलं ते असं: 'यांती, पॅकिंग विभाग. क्षयरोगाची गोळी, जेवणाआधी.' कॅन्टीनमधलं त्या दिवशीचं सोतो सूप खालून तिसरं. हुशारी म्हणतात ती हीच.

डॉक्टरांनी यांतीला कामावर यायची परवानगी दिली होती. तिच्यापासून आता कुणाला धोका नव्हता. पण ते कोण वाचतंय? स्लामेतने संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे केली. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. भात तसाच ठेवून ती उठली.

रेत्नोला कळलं तशी ती धावत यांतीकडे गेली. "ताई, चुकलं माझं. मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं."

"माफी राहू दे," यांती म्हणाली. "आधी ते पान काढ."

रेत्नोने नुसतं पान नाही, मलाच बंद केलं. साहेब तणतणत आले. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही. साहेब, घरातसुद्धा न्हाणीघराला कडी असते."

साहेब खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "तो तुझा कागद कुठाय?"

माझा पुनर्जन्म झाला तो किल्ल्यांसकट. डॉक्टरांनी कॅन्टीनमध्ये उभं राहून सगळ्यांना आजार समजावला. रेत्नो रोज यांतीच्या बाकावर जेवू लागली. स्लामेत आठवड्याने आला, मान खाली घालून. यांतीने त्याला जागा दिली, पण बोलली नाही. अजूनही फारशी बोलत नाही.

हल्ली मी निम्म्या लोकांना निम्म्या गोष्टी सांगत नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. माझ्यासारख्या बडबडीला हे पचवणं जड गेलं.

परवा यांतीने तिचं पान उघडलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'पूर्ण बरी.' तिने ते दोनदा वाचलं, आजूबाजूला बघितलं आणि नीट लॉग आउट करून मगच उठली. बाकीचे मला उघडी टाकून चहाला जातात. बाबांनो, तुम्हीही उठताना दार लावत जा. आत कुणीतरी असतं.