मधलं गिअर

"सांभाळून घ्या हो त्याला. हात फार उतावळे आहेत त्याचे."

ताईचा हा आवाज बावीस वर्षांपूर्वीचा. दाराआड उभी राहून ती नवऱ्याला हळूच म्हणाली होती, आणि पायरीवर बूट चढवणाऱ्या तिच्या भावाला त्यातला शब्द न् शब्द ऐकू गेला होता. आज डिझेलच्या घमेल्यात गिअर बुडवून दातादातातला काळा चिकटा ब्रशनं काढताना तो आवाज त्याच्या अगदी कानाशी आला. ब्रश क्षणभर थांबला.

कारण गाडीच तशी आली होती. लांब नाकाचा जुना दहाचाकी ट्रक. रंग तिसऱ्यांदा बदललेला, पण डाव्या मडगार्डवरचा पोचा तेव्हाचाच. आणि पिंपावर बसून चहा फुंकणारा ड्रायव्हरही तोच, फक्त मिशा पांढऱ्या झालेल्या.

"चार गॅरेजं पालथी घातली," ड्रायव्हर सांगत होता. "आजकालची पोरं कॉम्प्युटर जोडायला भोक शोधतात. म्हटलं, बाबांनो, हिला भोक नाही, हिला कान लावावा लागतो. मग सगळे म्हणाले, टायमिंगमास्तरकडे जा."

टायमिंगमास्तर म्हणजे तो. आणि इंजिनच्या पलीकडे उकिडवे बसून, जिभेचं टोक दातात धरून बोल्ट पुसत होते ते दाजी. होते त्याच्या बहिणीचे नवरे. पण सगळा ट्रकअड्डाच त्यांना दाजी म्हणायचा, जणू साऱ्यांच्याच बहिणी त्यांना दिलेल्या.

आठ दिवस दोघांनी मिळून इंजिनच्या पोटातलं सारं नवं केलं होतं. आता पुढची गिअरं तेवढी बसवायची राहिली होती. खालचं गिअर, वरचं गिअर, आणि दोघांचा मेळ घालणारं मधलं. प्रत्येकाच्या दातावर ठिपका. ठिपक्यासमोर ठिपका आला की इंजिनचा श्वास आणि पाऊल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन, एका तालात पडतात. हेच टायमिंग.

याच इंजिनवर बावीस वर्षांपूर्वी दाजींनी ठिपके जुळवले होते. हातानं दोन फेरे फिरवून पाहिलेही होते. तेवढ्यात ताईला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. "झाकण तेवढं लावून घे रे," म्हणत ते हात न धुताच धावले.

झाकण लावताना त्याला दिसलं, ठिपके समोरासमोर नव्हतेच. दाजी घाईत चुकले! मधलं गिअर फिरलं की त्याचे ठिपके कितीतरी फेऱ्यांनी पुन्हा जागेवर येतात, तोवर न जुळलेलेच दिसतात, हे त्याला कुठं माहीत? त्यानं मोठ्या मायेनं गिअर उपसलं, खालचा ठिपका जुळवला आणि परत बसवलं. उपसताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोरानं वरचं गिअर दोन दात सरकलं होतं. तिकडे त्यानं पाहिलंच नाही. झाकण लावलं आणि भाची झाल्याचं कळल्यावर पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी स्टार्टर मारताच इंजिनच्या पोटात घण पडले. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले. दाजींनी एकट्यानं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं. मग मेहुण्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. दाजी उठले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "माझा हात चुकला."

अड्ड्यावर ते चघळायला महिनाभर पुरलं. लेकीच्या आनंदात बापाचे डोळे फिरले म्हणे! त्यानंतर टायमिंगची वेळ आली की दाजी त्याला पुढं बसवत. "तू बसव, मी बघतो." ठिपके का पळतात, कसे परततात, सगळं शिकवलं, त्या दिवसाचा मात्र अवाक्षरानं उल्लेख नाही. गिऱ्हाइकाला सांगत, "टायमिंग मेहुण्याचंच." तेच पुढं त्याचं नाव झालं.

त्यानं गिअर चिंधीवर ठेवलं. सवयीनं दाजींनी ते उचललं, पुसलं, ठिपका शोधून वर केला.

"अहो, अहो!" ड्रायव्हर पिंपावरून उठलाच. "दाजी, टायमिंगला तुम्ही नका हात लावू. राग मानू नका, पण एकदा पोळलोय मी. मास्तर, तुम्हीच बसवा."

दाजी हसले. "बरोबर आहे त्यांचं. घ्या मेहुणे." त्यांनी गिअर पुढं केलं. बोटं स्थिर होती, दगडात कोरल्यासारखी.

त्यानं ते घेतलं नाही. तळहात पँटला पुसले, पुन्हा पुसले.

"तुम्हीच बसवा, दाजी."

"खुळा की काय तू? गाडी त्यांची, शब्द त्यांचा."

"मास्तर, मी बोललो ते—"

"बसा, काका. चहा निवतोय तुमचा."

दाजींचा चेहरा उतरला. काय येऊ घातलंय ते त्यांना कळलं असावं. "गप रे," ते पुटपुटले. "कशाला आता? जुनं झालं. बहीण तुझी ऐकेल तर मलाच ओरडेल."

"ओरडू दे," तो म्हणाला. त्याला हसू आलं. "तुम्ही पाठीशी घातलंत म्हणून तर आज कुणी मास्तर म्हणतंय मला. त्या नावावर खातोय, पण पचत नाही."

मग तो ड्रायव्हरकडे वळला, आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत नीट पाहून बोलला.

"काका, तुमचं इंजिन तेव्हा दाजींनी बरोबर बसवलं होतं. ते गेल्यावर मधलं गिअर मी उपसलं."