बिनशिंगांचा बैल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बैल आहे. माझी शिंगे कुठे गेली, असे मला सगळीच मुले विचारतात. त्यासाठी रजतची गोष्ट सांगावी लागेल.

नागपुरात, सक्करदऱ्याच्या एका घराच्या अंगणात माझा जन्म झाला. रुपराव सुतारांनी दाराच्या चौकटीतून उरलेला सागवानाचा ठोकळा घेतला आणि आपल्या नातवासाठी, रजतसाठी, मला घडवले. माझी शिंगे कोरायला त्यांना तीन दिवस लागले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुले आमच्यासारखे चाकांचे बैल सजवून मैदानात आणतात, एकेकाचा नंबर आला की बैल दाखवतात, छान सजलेल्या बैलांना बक्षिसे मिळतात, मग घरोघरी फिरून बोजारा म्हणून खाऊ मिळवतात. त्या दिवशी मिरवायचे, एवढीच माझी हौस होती.

पण रजतला हिमोफिलिया होता. तुम्हांआम्हांला लागले की रक्त वाहते आणि थोड्या वेळाने गोठून थांबते. रक्त गोठवणारा एक घटक रजतच्या रक्तात जवळजवळ नव्हताच. ते आतल्या आतही वाहत राही. नुसता धावला तरी त्याचा गुडघा कवठाएवढा सुजे आणि तो आठ-आठ दिवस खाटेवर पडून राही. त्याची आई मयुरा सरकारी दवाखान्यात जाऊन शिरेतून औषध द्यायला शिकली होती. त्या औषधाला ते फॅक्टर म्हणत. त्याच्या बाटल्या फ्रिजच्या एका कप्प्यात असत, आणि तिथे दुसरे काही ठेवायची घरात कोणाची बिशाद नव्हती.

माझ्या टोकदार शिंगांनाही मयुराने कापूस लावून जुन्या साडीची पट्टी गुंडाळली होती. दाढ दुखणाऱ्या माणसासारखा मी दिसायचो. मला फार राग यायचा. रजत मात्र माझ्या कानात म्हणायचा, "तुले पण बांधून ठेवलं नं."

दोन तान्हे पोळे त्याने खिडकीतून पाहिले. तिसऱ्या वर्षी, तो आठ वर्षांचा असताना, मयुराने होकार दिला. रुपरावांनी पट्ट्या सोडल्या, माझी शिंगे रंगवली, त्यांना बेगड चिकटवली. मी खूश झालो. हे सांगायची आज लाज वाटते.

निघताना मयुरा सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, काही लागलं तं मले लगेच फोन करजा."

मैदानाच्या कडेला रजतचा पाय माझ्या दोरीत अडकला आणि त्याचे डोके सिमेंटच्या ओट्यावर आपटले. रुपरावांनी घाईघाईने त्याचे केस बाजूला करून पाहिले.

"रक्त तं नाही आलं," ते म्हणाले.

"आबाजी, आईले नका सांगू. आई मले घरी घेऊन जाईन. आपला नंबर यायचा आहे अजून."

रुपरावांनी पुन्हा एकदा त्याचे डोके चाचपले. इतकी वर्षे त्या घरात भीती होती ती रक्ताची, आणि इथे रक्त काय, सूजही कुठे दिसत नव्हती. "बरं, नाही सांगत," ते म्हणाले. आम्हाला दुसरे बक्षीस मिळाले, एक स्टीलचा डबा. रजत इतका हसलेला मी कधीच पाहिला नव्हता.

संध्याकाळी त्याचे डोके दुखू लागले. ऊन लागले असेल, असे सगळ्यांना वाटले. सकाळी त्याला उलट्या झाल्या. मयुराने विचारले, "मामाजी, काल याले लागलं व्हतं काय?"

"नाही वं. करंज्या खाल्ल्या त्यानं बोजाऱ्याच्या."

हे खोटे बोलताना त्यांची नजर माझ्याकडे होती. दुपारपर्यंत रजत हाक मारली तरी डोळे उघडेना. तेव्हा रुपरावांनी खरे सांगितले. मयुराने फॅक्टर दिला आणि मुलाला घेऊन ती दवाखान्यात धावली. डोक्याला मार लागला की आधी फॅक्टर द्यायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा, दुखण्याची वाट पाहायची नाही, हे तिला पाठ होते. पण डोक्याच्या आत रक्त कालपासूनच साचत होते. बाटल्या मैदानापासून पाच मिनिटांवर, घरातच होत्या.

रजत परत आला नाही.

मयुरा ओरडली नाही, तिने भांडणही केले नाही. तेराव्यानंतर एकदाच म्हणाली, "मामाजी, रक्त बाहेर नाही आलं म्हणून तं भ्याचं व्हतं."

त्या दिवशी रुपरावांनी करवत घेतली आणि माझी दोन्ही शिंगे कापून टाकली. मी कापू दिली. पण मित्रांनो, रजतला माझे शिंग लागलेच नव्हते. हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांना कापायचे होते ते आपले खोटे, पण त्यावर करवत चालत नाही.

आता दर तान्ह्या पोळ्याला ते मला घेऊन त्याच ओट्यावर बसतात. मुले विचारतात, "आबाजी, याचे शिंगं काहून नाही?" ते सगळे सांगतात, आपले खोटेही लपवत नाहीत. यंदा एक छोटी मुलगी समोरच पडली. कपडे झटकत म्हणाली, "काही नाही झालं, रक्त नाही आलं." रुपराव गुडघे धरत उठले. तिचा हात धरून म्हणाले, "चाल बेटा, तुह्या आईले सांगू आधी."

ती रडायला लागली, तिचा नंबर यायचा होता.

मित्रांनो, लागले तर सांगा. रक्त आले नाही तरी सांगा. तान्हा पोळा पुढच्या वर्षीही येतो.