माझ्या जागी महेंद्र

फोनवरच्या माणसाने माझं म्हणणं पुरतं ऐकलंच नाही. "दारू सोडायची आहे," एवढं मी म्हणाले, आणि तो म्हणाला, "ताई, मिस्टरांना घेऊन या. दर गुरुवारी साडेसहा. कॅम्प तीन, शाळेचा पहिला मजला." मग पत्ता समजावला. विठ्ठलवाडीहून शेअर रिक्षा, पहिला बार सोडायचा, दुसऱ्या बारसमोर उतरायचं, वाइन शॉपच्या बाजूची गल्ली. दारू सोडण्याच्या मीटिंगच्या पत्त्यात दारूची तीन दुकानं होती आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मिस्टर पीत नाहीत. मी पिते. अंबरनाथला औषधांच्या कंपनीत मी केमिस्ट आहे. सहा वर्षं रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मोजपात्राने मोजून दोनशे चाळीस मिली. मोजते आहे म्हणजे ताबा आहे, असं मी स्वतःला सांगत होते. रविवारी विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, मद्य न घेण्याच्या शीलाला माझे नुसते ओठ हलत. शेजारी महेंद्र खणखणीत म्हणत असे. तो विहाराच्या कमिटीचा सेक्रेटरी.

मागच्या आठवड्यात प्रयोगशाळेत हात थरथरला आणि एकच रीडिंग तीनदा चुकलं. त्या दिवशी मी ठरवलं. गुरुवारी, न पिता, पाचवा दिवस होता. सहावा एकटीने निघणार नाही, हे मला कळत होतं.

"मी येतो," महेंद्र म्हणाला. "बाईमाणसाने असला पत्ता विचारत फिरणं बरं दिसत नाही."

आणि त्यानेही विचारला नाही. रिक्षावाल्याला नुसतं "शाळा" म्हणाला. आम्ही भलत्याच शाळेपाशी उतरलो आणि जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्ल्यांतून वीस मिनिटं चाललो. शेवटी दुसऱ्या बारच्या पायरीवर बसलेल्या एकानेच महेंद्रला हाक मारली, "ओ साहेब, मीटिंग ना? वर जा, वर. मी पण गेल्तो दोनदा!"

जिन्याच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे होते. चंदूभाई, कपड्यांचं दुकान, नऊ वर्षं दारूला हात नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्यांनी महेंद्रचा हात दोन्ही हातांत घेतला. "आओ भाऊ, आओ. पहिला दिवस? शरमायचं नाही हां. इथे सगळे आपलेच."

महेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी थांबले. त्याचं एक वाक्य पुरे होतं.

"हो," तो म्हणाला. "पहिलाच." मग माझ्या कानाशी वाकला. "पुरुषाचं चालतं, यशू. लोक विसरतात. आत काय सांगतात ते मी तुला घरी सांगेन."

माझ्या आजाराच्या तो नोट्स काढणार होता. मी तोंड उघडेपर्यंत चंदूभाई त्याला घेऊन आत गेलेही.

मला शेजारच्या वर्गात बसवलं, घरच्यांच्या मीटिंगला. सगळ्या बायका. द्रौपदीबाई म्हणून एक वयस्क बाई होत्या, त्यांनी चहाचा ग्लास पुढे केला.

"किती वर्षं?"

"सहा."

"मारतो?"

"नाही."

"मग देवमाणूसच की गं तुझा!"

"आमचा तर गटारीलाच जन्मलाय," कोपऱ्यातली एक म्हणाली. "वाढदिवस काय चुकवत नाही मेला."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला इतका राग आला की ग्लास खाली ठेवावा लागला.

दोन वर्गांमध्ये प्लायवुडची भिंत होती. पलीकडून महेंद्रचा आवाज आला. विहारातला, खणखणीत.

"माझं नाव महेंद्र. मी रोज एक क्वार्टर पितो. बाटली तांदळाच्या डब्यात लपवतो. बायकोला फार त्रास होतो."

टाळ्या.

डबा डाळीचा होता. क्वार्टर म्हणजे एकशे ऐंशी. सहा वर्षांत या माणसाने मला एकदाही विचारलं नव्हतं, किती. आता माझी दारू साठ मिलीने कमी करून त्याने टाळ्या घेतल्या होत्या.

मी उठले आणि त्या खोलीत गेले.

"बहनजी, फॅमिली बाजूला," चंदूभाई म्हणाले.

"दोनशे चाळीस," मी म्हणाले. "क्वार्टर नाही. आणि हा माणूस पीत नाही. पिते ती मी."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग कोणीच नाही. महेंद्रचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"यशू, घरी चल."

"तुम्ही उठा. ही खुर्ची माझी आहे."

"अगं, विहारात कळलं तर..."

"कळू दे. शेजारी माझा चहा ठेवलाय, तिथे जाऊन बसा. घरच्यांची मीटिंग तिकडे असते."

तो उठला. चौदा माणसं त्याच्याकडे बघत होती, माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. मी बसले. खुर्ची अजून गरम होती.

"बोला, बहनजी," चंदूभाई हळू म्हणाले.

मी बोट वर करून त्यांना थांबवलं. प्लायवुडपलीकडे खुर्ची सरकली होती.

"बसा भाऊ," द्रौपदीबाईंचा आवाज आला. "तुमच्याकडे कोण पितं?"

मी वाट पाहिली. खोलीतल्या सगळ्यांनी माझ्यासोबत वाट पाहिली. त्याने सांगितल्याशिवाय मी सुरुवात करणार नव्हते.

"बायको," महेंद्र म्हणाला. या वेळी आवाज खणखणीत नव्हता.

"माझं नाव यशोधरा," मी म्हणाले.