चिखल्याची काख

शिवणकाम करणाऱ्या बाईला काहीही म्हणा. उशीर करते म्हणा, तोंडाळ म्हणा, मी दोन्ही आहे. पण तिनं कापड बदललं, असं म्हणू नका. आमच्या विहीणबाई नेमकं तेच म्हणाल्या, आणि तेही जेवणाच्या टेबलावर, दोन्हीकडच्या माणसांसमोर.

झालं असं की, माझ्या जावयासाठी, म्हणजे त्यांच्या लेकासाठी, त्यांनी मला शर्टाचं कापड दिलं होतं. तीन वर्षांपूर्वी हौसेनं घेऊन कपाटात जपून ठेवलेलं, पांढरंशुभ्र. मी शर्ट शिवून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "मी पांढरं दिलं होतं. हे पिवळट आहे."

जावयांनी आमटी वाढून घेतली. लेक म्हणाली, "पांढराच आहे की!" पण ती पडली माझी लेक, तिची साक्ष कोण धरणार? तेव्हापासून सात महिने त्या कापडाची एक कातरण मी पर्समध्ये घेऊन फिरत होते. कधीतरी वेळ येईल आणि ती त्यांच्या नाकासमोर धरीन, एवढीच इच्छा होती.

वेळ आली ती पक्ष्यांमुळे. विहीणबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून दरवर्षी खाडीवरचे पाहुणे पक्षी मोजतात. त्या दुर्बिणीतून बघून सांगतात आणि त्यांची मैत्रीण वहीत लिहिते. यंदा मैत्रिणीचा पाय मुरगळला. लेकीनं संधी साधली. "आई, तू जा. तुझं अक्षर चांगलंय. आणि बाळ यायच्या आत तुमचं दोघींचं काय ते एकदाचं मिटवा!"

गेले. सकाळी साडेसातला ओहोटी होती. खाडीच्या बांधाआड आम्ही दोन आजीबाई-होऊ-घातलेल्या अंगाच्या घड्या घालून बसलो. माझे गुडघे कुरकुरत होते आणि विहीणबाईंचा तास सुरू झाला होता.

"चिखल्या पक्षी दोन प्रकारचे येतात. सोन-चिखल्या आणि राखी चिखल्या. दोघांची वीण टुंड्रात होते. टुंड्रा म्हणजे जिथं झाडच उगवत नाही, असा उत्तरेचा गोठलेला मुलूख. तिथं नराचं पोट काळंकुळकुळीत असतं, पाठ एकाची सोनेरी, दुसऱ्याची रुपेरी. इथं येईपर्यंत ते रंग उतरतात, मग दोघे ओळखायला कठीण."

"मग ओळखायचं कसं?"

"काखेवरून. राखीच्या पंखाखाली, काखेत, काळा डाग असतो. सोनवाल्याला नसतो."

मी हसत सुटले. हसू आवरेना. अहो, तीस वर्षं मी दुसरं करते काय? गिऱ्हाईक आलं की पहिली नजर काखेवर. माणूस कपडा कसा वापरतो ते तिथंच कळतं. कॉलर खोटं बोलेल, काख बोलत नाही.

"हळू हसा," विहीणबाई दटावल्या. "पक्षी उडवायचा नाही, हा इथला पहिला नियम. हजारो मैल उडून आलेत ते. आपण दचकवलं की तेवढी अंगातली चरबी फुकट जाते."

मी पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात समोर एक पक्षी आला. ऐटीत चार पावलं पळाला, खिळल्यासारखा थांबला, चिखलाकडे रोखून बघितलं, वाकून काहीतरी टिपलं. पुन्हा पळाला, पुन्हा थांबला. एक बारकं पाखरू त्याच्या हद्दीत शिरलं, तर मान खाली घालून त्याच्या अंगावर धावून गेला. हुबेहूब आमच्या विहीणबाई स्वयंपाकघरात!

"लिहा," त्या म्हणाल्या. "सोन-चिखल्या, एक."

मी दुर्बीण मागून घेतली. "पण हा तर करडा दिसतो. पोट पांढरं आहे."

"पिवळा आहे. चांगला पिवळा आहे. रंगातलं राहू द्या तुमचं, विहीणबाई."

झोंबलं. अस्सं झोंबलं की कानशिलं तापली! मी वही मिटली. "काख दिसल्याशिवाय मी पांढऱ्यावर काळं करणार नाही."

"मग बसा."

बसलो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. पक्षी पळे, थांबे, टिपे. पंख काही उघडेना. टाळी वाजवायला हात शिवशिवत होते, पण नियम म्हणजे नियम. आमच्यापैकी एकीनंही बाटलीतल्या पाण्याचा घोट घेतला नाही, दुसरी तेवढ्यात बघून टाकेल म्हणून.

अखेर पक्षी एका जागी उभा राहून चोचीनं पिसं नीट करू लागला. आणि माझ्या तोंडून सवयीनं, मापाची टेप गळ्यात असताना निघतं तसंच, निघून गेलं, "हात वर करा."

आणि त्यानं केले! शप्पथ! आळस द्यावा तसे दोन्ही पंख ताठ वर धरले, अगदी शहाण्या गिऱ्हाइकासारखे. दोन्ही काखा काळ्याभोर!

मी विहीणबाईंचा दंड धरला. त्यांनी माझा धरला. ओरडायचं नव्हतं म्हणून आम्ही दोघी बसल्या जागी नुसत्या हलत होतो.

"राखी!" त्या पुटपुटल्या. बाई मोठ्या इमानदार. "राखीच आहे. लिहा." मग दुर्बीण खाली आली. "पण मला तो अजून पिवळाच दिसतोय हो."

माझ्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. मी वहीचं कोरं पान पुढे केलं. "हे?"

"पिवळट. जुनी वही आहे."

"आणि तो समोरचा बगळा?"

"पिवळट. यंदा सगळे बगळे मळलेत."

मग मी सात महिने जपलेली कातरण काढली आणि पानावर ठेवली. "विहीणबाई, तुमचं कापड मी बदललं असेल. बगळाही मीच बदलला का?"

त्या कातरणीकडे बघत राहिल्या. मग पानाकडे, मग बगळ्याकडे. मला वाटलं, आता रडतील. माझंच काळीज हललं. भांडण जिंकायचं होतं मला, त्यांच्या डोळ्यांना काही व्हायला नको होतं.

"मोतीबिंदू," त्या हळूच म्हणाल्या. "दहा वर्षं मुलांना शिकवला मी. पिकत आला की जग पिवळं दिसतं." आणि मग खांदे गदगदा हलू लागले. हसत होत्या! "गेल्या वर्षी मी एकतीस पक्षी सोन-चिखल्या म्हणून लिहवून घेतले! पक्षिमित्रांनी माझा सत्कार केला! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

नियम मोडला. आम्ही इतक्या मोठ्यानं हसलो की पक्षी शीळ घालत उडाला, आणि जाताना काळ्या काखा पुन्हा एकदा दाखवून गेला. "गेली त्याची चरबी," असं म्हणत विहीणबाई डोळे पुसत होत्या.

पुढच्याच महिन्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. त्यानंतर एके दिवशी सकाळीच फोन आला. मी मशीनवर होते.

"शर्ट बघितला," विहीणबाई म्हणाल्या. "कापड तेच आहे. पांढरंशुभ्र. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच माफी मागते. स्पीकर चालू आहे."

मागून लेकीनं टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांचा काटा निघाला हो!

"आणि विहीणबाई," त्या पुढे म्हणाल्या, "आता सगळं स्वच्छ दिसतंय म्हणून सांगते. कॉलर वाकडी आहे."

वाकडी होतीच. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.