पुलावरची विनंती

मसुदेवाल्या ताई परराष्ट्र खात्यात अठ्ठावीस वर्षं निवेदनं लिहीत होत्या. दोन देशांचं भांडण एका वाक्यात मिटवणारी बाई, असं खात्यात म्हणत. आज मात्र त्यांचाच जीव टांगणीला लागला होता. शेजारच्या मित्रदेशात लढाई पेटलेली, सरहद्दीवरचा पूल बंद, आणि अलीकडच्या टोकाला औषधांच्या थंड गाडीत त्यांचा धाकटा भाऊ चार दिवस अडकलेला. गाडी थंड ठेवणारं डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं.

अडलं होतं पूल उघडण्याच्या संयुक्त निवेदनातल्या एका वाक्यावर. "त्यांनी विनंती केली, असं लिहा," मंत्री म्हणाले. "नाहीतर आपण झुकलो म्हणून टेकू देणारे सात खासदार सरकार पाडतील."

"आमच्याकडे पुढच्या महिन्यात निवडणूक आहे," मित्रदेशाचे राजदूत म्हणाले. "हात पसरला असं दिसलं, तर आमचे साहेब घरी बसतील."

शत्रूला न भिणारी ही मंडळी घरच्यांपुढे मात्र चळाचळा कापत होती. ताईंना आपली आई आणि सासूबाई आठवल्या. आधी फोन कोणी करायचा, यावरून दोघींचा दोन वर्षं अबोला. शेवटी ताईंच्या लेकीनेच दोघींना जेवायला बोलावलं, तेव्हा दोघी निमूट आल्या.

"तिसऱ्याने मागितलं तर?" ताईंनी विचारलं.

"तिसरा आहे कोण?" मंत्री म्हणाले.

ताईंनी आपल्या टेबलावरचा 'माहितीस्तव' ट्रे उपसला. सचिवाखालच्या माणसाचं पत्र मसुद्यात घ्यायचं नाही, असा खात्याचा रिवाज होता. तळाशी पलीकडच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचं चार दिवसांपूर्वीचं पत्र निघालं: 'कोणीही द्या, पण औषधं द्या.' त्यावरचा 'माहितीस्तव' शिक्का ताईंनीच मारलेला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'डॉक्टरांच्या विनंतीला दोन्ही देशांनी मोठ्या मनाने मान दिला,' असं त्यांनी लिहिलं. दोन्हीकडच्या सह्या दुपारच्या जेवणाआधीच झाल्या.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "ताई, पोचलो. पुलाच्या दोन्ही टोकांना फलक लागलेत. इकडेही 'आमच्या औदार्याने', तिकडेही 'आमच्या औदार्याने'."

ताई डोळे पुसत हसल्या. "आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांना फलक बघायला वेळ कुठाय? पेट्या उतरवून घेतायत. विचारतायत, पुढचं पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं?"

"माझ्या," ताई म्हणाल्या.