उरलेला दगड

राष्ट्रीय उद्यानातल्या जुन्या विश्रामगृहाचं धुराडं पुन्हा उभं राहिलं, आणि मिस्त्रींकडे एक दगड उरला.

विश्रामगृह शंभर वर्षांचं. अख्ख्या ओंडक्यांच्या भिंती, आणि मोठ्या दालनात नदीच्या दगडांची भलीथोरली शेकोटी. इमारत संरक्षित, त्यामुळे साधा खिळा बदलायचा तरी अर्ज करावा लागे. धुराडं एका अंगाला कलायला लागलं, तेव्हा वरच्या बाईंनी, म्हणजे जुन्या इमारती सांभाळणाऱ्या अधिकारी मॅडमनी, हुकूम काढला: दगड उतरवा, प्रत्येकावर नंबर घाला, आणि होतं तसंच्या तसं चढवा. चुन्यातलं दगडकाम जाणणारा दुसरा माणूस शोधूनही सापडेना, म्हणून काम मिस्त्रींकडे आलं. नंबर घालायला त्यांचा धाकटा भाऊ होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला तरी सगळे त्याला बारक्याच म्हणत.

उरलेला दगड चपटा होता, हातभर लांब, आणि त्यावर नंबर नव्हता.

"हा कुठला?" मिस्त्रींनी विचारलं.

बारक्या चुन्याच्या घमेल्यात बघत राहिला. "दादा, आतल्या काही दगडांवर काजळी होती. चुना धरला नसता, म्हणून घासून धुतले. तेव्हा खडू गेला."

"किती दगडांचा?"

"अकरा असतील. आठवेल तसे पुन्हा घातले नंबर. हा एक आठवला नाही."

"आणि हे आज सांगतोयस?"

"आधी सांगितलं असतं तर तू मला उभा जाळला असतास."

मिस्त्री ओळंबा उचलून पुन्हा धुराड्यापाशी गेले. ओळंबा सरळ, सांधे भरलेले, बाहेरून बघणाऱ्याला नाव ठेवायला जागा नाही. जुने फोटो होते, पण सगळे समोरून काढलेले. पोटात काय होतं ते कुणीच टिपलं नव्हतं. मॅडम परवा यायच्या होत्या.

त्या दिवशी त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. विश्रामगृहामागच्या आपल्या खोलीत जेवायला बसले ते अर्ध्यातून उठले, दालनात जाऊन शेकोटीत डोकं घालून आले, हात धुऊन पुन्हा बसले. बायको म्हणाली, "त्या धुराड्यालाच ताट वाढू का?" त्यांना हसूही आलं नाही. गेली तीस वर्षं त्यांनी कुठल्या कामात असं काही झाकलं नव्हतं. एक दगड तो काय, असं ते मनाशी म्हणत, आणि म्हणता म्हणताच उठून चालायला लागत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दगड पोत्यात घालून ते नदीकडे निघाले. पुलापाशी वनरक्षकाने अडवलं.

"मिस्त्री, पोत्यात काय?"

"दगड."

"इथून सुकं पानसुद्धा हलवायचं नाही, माहीत आहे ना?"

"अरे, नदीतलाच आहे. नदीतच टाकतोय."

"विश्रामगृहाचा ना? शंभर वर्षांपूर्वी काढलेला? मग परत टाकायलाही परवानगी लागेल," वनरक्षक गंभीरपणे म्हणाला. थट्टा करतोय की खरंच सांगतोय, तेही कळेना. मिस्त्री आल्या पावली फिरले. चोरी पकडली गेल्यासारखे त्यांचे कान तापले होते.

परत आल्यावर त्यांनी बारक्याला हाक मारली. "लाकडं आण. पेटवून बघू, त्या दगडावाचून धूर जातो का."

शेकोटी पेटली. घटकाभर धूर वर गेला, मग बाहेर वारा फिरला आणि सगळा लोट खाली येऊन दालनात पसरला. दोघं डोळे पुसत खिडक्या उघडत होते, तेवढ्यात दार उघडून मॅडमच आत आल्या. एक दिवस आधी! खोकत खोकत त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?"

बारक्याने भावाकडे पाहिलं. त्याचं नाव घ्यायला एक शब्द पुरला असता. तो शब्द मिस्त्रींच्या ओठांपर्यंत आलाही.

"मॅडम, चूक माझी," ते म्हणाले. "एक दगड उरला. कुठला ते कळलं नाही, आणि मी तो लपवायला निघालो होतो."

"नंबर मी पुसले," बारक्या मागून म्हणाला. "दादाला कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

मॅडमनी दगड हातात घेऊन उलटापालटा केला. "हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा."

"किती उतरवावं लागेल?"

"शेकोटीवरच्या गळ्यापर्यंत. बारा दिवस द्या."

पहिले काही दिवस दोघं भाऊ कामापुरतंच बोलले. हा धर, तो दे, सावकाश. पाचव्या दिवशी शेकोटीच्या वरचा अरुंद गळा उघडा पडला. दोन्ही बाजूंच्या दगडांत बोटभर खोल खाचा होत्या. बारक्याने त्या तुटक्या कडा समजून चुन्याने बुजवल्या होत्या. मिस्त्रींनी छिन्नीने चुना कोरून काढला आणि चपटा दगड आडवा सरकवला. तो चपखल बसला. वरून वाऱ्याचा झोत आला की त्या दगडावर आपटून परत फिरावा, अशी ती योजना होती.

"कुणाला सुचलं असेल रे हे?" बारक्याने विचारलं.

"आपल्यासारख्याच कुणाला तरी," मिस्त्री म्हणाले. मग जरा थांबून, "तुझ्यासारख्याला नाही."

बारक्या पहिल्यांदा हसला.

बाराव्या दिवशी मॅडमच्या समोर पुन्हा लाकडं पेटवली. वारा दोनदा फिरला, पण धूर सरळ वर गेला. मॅडमनी अहवाल पुढे केला. त्यात नंबर पुसल्याचं होतं, दगड लपवायला निघाल्याचं होतं, दुरुस्तीचंही होतं. मिस्त्रींनी तो सगळा वाचला आणि सही केली.

मॅडम चहा घ्या म्हणत होत्या, पण मिस्त्रींचे पाय आत ठरेनात. ते अंगणात जाऊन मान वर करून उभे राहिले. धूर झाडांच्या शेंड्यांकडे वळत होता.

"बारक्या," त्यांनी हाक मारली, "शिडी लाव. ठिणग्या छपरावर पडतायत का, एकदा बघून ये."

"दादा, अरे, आता—"

"राहू दे, मीच बघतो," म्हणत त्यांनी शिडीला हात घातला.