उकळलेलं पांघरूण

“ताई, हे गरम पाण्यात घालू नकोस हं. लोकर आहे,” खारूने दारातच बजावलं.

“कळतं गं मला. ग्रॅज्युएट आहे मी,” मी म्हणाले, आणि ती जिना उतरून गेल्यावर गॅसवर मोठं पातेलं चढवलं.

त्याला कारण होतं. पांघरूण नवं असलं तरी लोकर जुनी होती. खारू ही माझी धाकटी बहीण. लहानपणापासून सापडेल ते साठवते, बटणं, दोरे, चॉकलेटचे चकचकीत कागद, म्हणून घरात तिचं नाव खारूच पडलं. ती एका लाँड्रीत काउंटरवर बसते. लोक स्वेटर धुवायला टाकतात आणि न्यायला विसरतात. वर्ष उलटलं की मालकीणबाई ते हिला देऊन टाकतात. ही ते उसवते, लोकर धुऊन वाळवते आणि काहीबाही विणत बसते. माझ्या बाळाच्या पांघरुणात मोहरीच्या रंगाचा एक स्वेटर होता, एक राखाडी, एक गडद हिरवा. मला मात्र रंग दिसत नव्हते. मला त्या अनोळखी लोकांचे खोकले दिसत होते.

बाळ झाल्यापासून मी दिसेल ते उकळत होते. चमचे, वाट्या, खुळखुळा, एकदा तर पेन. “घड्याळ काढून वर ठेवतो बाई, नाहीतर तेही शिजवशील,” असं नवरा म्हणायचा आणि खरंच वर ठेवायचा. उकळून झालं की मी पाळण्याशी जाऊन बाळाच्या नाकाखाली हात धरायचे. श्वास लागला की परत स्वयंपाकघरात. कांदा चिरायला घेतला की पुन्हा पाळण्याशी. त्यामुळे आमच्याकडे कांदा कधी पुरता चिरून होत नसे.

पांघरूण मी साबण घालून, झाऱ्याने ढवळून चांगलं रटरटू दिलं. बाहेर काढलं तेव्हा पाळणाभर होतं ते पायपुसण्याएवढं झालं होतं. जाड, घट्ट. ओढून पाहिलं, इस्त्री फिरवून पाहिली. शेवटी टेबलावर उभं करून पाहिलं, तर उभं राहिलं.

खारू रोज दुपारच्या सुट्टीत यायची. ती बाळाला घेऊन बसली की मी अंघोळ करायचे, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मी बाळ देतच नसे. दुसऱ्या दिवशी ती आली आणि टेबलाकडे बघत राहिली.

“ताई, सूप केलंस की काय याचं?”

मी रडायलाच लागले. तिने एवढे दिवस खपून विणलं होतं. ती मात्र जमिनीवर बसून पोट धरून हसत होती.

“अगं, रडतेस काय? असं मुद्दाम करतात लोक. हे आता कात्रीने कापलं तरी एक धागा सुटणार नाही. रविवारी घेऊन ये माझ्याकडे. साहेबांनाही आण.” साहेब म्हणजे बाळ.

“तुझ्या जिन्यात धूळ किती असते.”

“उकळून ठेवते. ये तू.”

रविवारी नवऱ्याने मला जवळजवळ ढकलतच बाहेर काढलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिची एकच खोली. आमच्या आईचा त्या खोलीवर फार राग. तिच्या बरोबरीच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या आणि ही दुसऱ्यांचे स्वेटर उसवत बसलीय, असं ती प्रत्येक फोनवर म्हणते. मीही ‘हो ना’ म्हणायचे. पण त्या दिवशी खिडकीतून ऊन आत आलं होतं. पडदा विसरलेल्या हातरुमालांचा शिवलेला होता आणि उन्हात प्रत्येक रुमालाची कड वेगळी दिसत होती. शेगडीवर एकच पातेलं. टेबलही एकच, त्यावर एका बाजूला गाजरं आणि दुसऱ्या बाजूला सुईदोरा.

तिने कपाटाचा खालचा खण ओढून काढला, जमिनीवर ठेवला, आत उशी अंथरली आणि बाळाला त्यात निजवलं.

“खणात?” मी म्हणाले.

“पुसलाय. दोनदा. तू येणार म्हणून तिसऱ्यांदा.”

मग बाळाच्या पावलाचा कागदावर आकार काढून तिने माझ्या हातात कात्री दिली. “बूट शीव. तळवा असा, वरचा भाग असा. मोठे टाके चालतील, साहेब तक्रार करत नाहीत.”

कापड कात्रीखाली कचकच कापलं जात होतं. हिरवा आणि मोहरी रंग एकमेकांत मुरून शेवाळासारखा रंग आला होता. सुई आत जाताना जोर लागायचा, म्हणून तिकडे बघावंच लागायचं. खारू गाजरं सोलत गुणगुणत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात ओले होते, तिने कोपराने स्पीकर लावला.

“काय गं, काय ठरलं?” मालकीणबाई होत्या. “मी ते नव्या दुकानाचं विचारलं होतं ना. उद्यापर्यंत सांग. तू नाही म्हणालीस तर मला दुसरी बघावी लागेल.”

“उद्या सांगते बाई,” म्हणून तिने फोन बंद केला.

“कसलं नवं दुकान?”

“काही नाही गं. बाई दुसऱ्या गावात लाँड्री काढतायत. मी चालवावं म्हणतात. मागे राहायला खोली आहे, मोठ्या खिडकीची.”

“मग?”

“मग काय, नाही म्हणणार आहे.”

“वेडी आहेस का? का?”

“तुला दुपारी अंघोळीला कोण पाठवणार?” ती हसतच म्हणाली, पण गाजरावरून नजर वर केली नाही.

इतके दिवस मला वाटत होतं, हिचं कसं होईल याची काळजी मी करतेय.

“माझ्यासाठी थांबणार तू?”

“तू एक कांदा सलग चिरत नाहीस ताई. मी गेले तर दोन घास तरी खाशील का, मला खात्री नाही.” मग खणाकडे मान वळवून तिने विचारलं, “नाकाखाली हात कधी धरलास शेवटचा?”

मी हातातल्या बुटाकडे पाहिलं. पूर्ण झाला होता. दुसराही अर्धा झाला होता. आल्यापासून मी एकदाही उठले नव्हते. हे ध्यानात येताच मी चटकन उठले, दोन पावलं टाकली आणि थांबले. तिथूनच बाळाचं पोट खालीवर होताना दिसत होतं. मी परत येऊन बसले.

“सूप मी करते,” मी म्हणाले. “तू फोन लाव बाईंना.”

“जमेल?”

“ग्रॅज्युएट आहे मी.”

मी एक कांदा चिरला. सबंध. लोण्यावर परतला, गाजर, बटाटा आणि मूठभर मसूर घातले, पाणी ओतलं. ती गॅलरीत जाऊन बोलत होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण आत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. लहानपणी बक्षीस मिळालं की असेच व्हायचे. कांदा जरा करपला होता. ती दोन वाट्या प्यायली, वर पाव भाजून पातेलं पुसून घेतलं. साहेब उठले तेव्हा बूट घालून पाहिले. एक दुसऱ्यापेक्षा बोटभर मोठा निघाला.

“असू दे,” खारू म्हणाली. “दोन्ही पाय सारखेच वाढतील याची काय हमी?”

ती नव्या गावी गेली त्याला आता बरेच दिवस झाले. मी अंघोळ करते. बाळ आमच्या कपाटाच्या खणात निजतं, खण बाथरूमच्या दाराबाहेर असतो. उरलेल्या तुकड्यांची मी चहाचं गरम भांडं धरायला दोन जाड फडकी केली. रोज एक पातेलं सूप करते. कधी भोपळा, कधी नुसता टोमॅटो. नवरा घड्याळ पुन्हा टेबलावर ठेवतो. संध्याकाळी सुई हातात घेऊन खिडकीशी बसलं की बरं वाटतं, आणि बरं वाटतंय हे दचकायचं कारण नाही, हेही कळायला लागलंय.

परवा कपडे टाकायला लाँड्रीत गेले होते. मालकीणबाई म्हणाल्या, “फार गुणाची मुलगी. पण दुपारी कधी जेवताना पाहिली नाही हो. सुट्टी झाली की धावत बाहेर, आणि धावत परत.” मी पावती घेतली आणि दुकानाबाहेर जरा वेळ उभी राहिले.

फोनवर ती ‘मजेत आहे’ म्हणते. असेलही. नव्या खिडकीला तिने पडदा लावलाय म्हणे. पण तेव्हाही ती मजेतच असायची. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या भागात नुकतीच एखादी लाँड्री उघडली असेल आणि काउंटरवरची मुलगी गिऱ्हाईक नसताना विणत बसत असेल, तर दुपारच्या सुमाराला एखादा शर्ट टाकून या. नुसता इस्त्रीचा असला तरी चालेल. माझं नाव सांगू नका, चिडेल. जेवलीस का, एवढं सहज विचारा. आणि हो म्हणाली, तरी तिच्या डब्यात एकदा डोकावून बघा.